एक पीस बघून येतो

वाकड, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय मावशी,

कितीतरी वर्षांनी हाताने पत्र लिहितेय, तेव्हा अक्षराबद्दल आधीच माफी मागून ठेवते. तुझा फोन गेलं वर्षभर बंद लागतो. आई म्हणाली, तू तो कपाटात ठेवून दिला आहेस आणि ज्याला काही सांगायचं असेल त्याने पत्र टाकावं असा तुझा नियम आहे. वाकडहून संत तुकाराम नगरला रिक्षाने अर्ध्या तासात पोचता येतं. मी येणारच होते, पण आई म्हणते, न विचारता गेलीस तर पद्मजा दार उघडेल आणि तोंड बंद ठेवेल. म्हणून हा उपद्व्याप.

काम असं आहे. नोकरी सांभाळून मी एक पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स करतेय, बिझनेस व्हॅल्युएशनचा. म्हणजे एखादा चालता धंदा विकायला काढला तर त्याची रास्त किंमत काय, हे काढायला शिकायचं. नुसती यंत्रं आणि पत्र्याची शेड मोजून ते होत नाही. धंदा कोणाच्या जिवावर चालतो, उद्या चालेल का, हेही बघावं लागतं. शनिवार-रविवार लेक्चर असतात, आणि वर्गात सगळ्यात म्हातारी मीच आहे, छत्तीस वर्षांची. मुलं मला ताई म्हणतात आणि माझ्या वहीवरून उतरवून घेतात.

शेवटच्या अहवालासाठी एक खराखुरा छोटा धंदा घ्यायचा आहे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत द्यायचाय. मला काकांचं वर्कशॉप घ्यायचंय, 'पद्मजा प्रेसिंग्ज'. शेजारच्या युनिटवाल्यांनी ते विकत मागितलंय आणि तुझा लेक ओजस कॅनडातून तुझ्यामागे विकून टाक म्हणून लागलाय, हे आईकडून कळलं. विकायचं की नाही ते तू ठरव. मी किंमत काढून देते, म्हणजे कोणी तुला फसवणार नाही.

हो म्हणशील ना?

तुझी,
सुखदा

संत तुकाराम नगर, १८ ऑगस्ट

चि. सुखदा,

तुझं पत्र चार दिवसांनी आलं. मी तेवढ्या वेळात चालत वाकडला जाऊन परत आले असते. अक्षराबद्दल माफी मागितलीस ते बरं केलंस. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण असे नकाशे माझ्या कुठल्या मुलाने काढले नव्हते.

वर्कशॉप बघ. दादूला मी निरोप दिला आहे. तो तुझ्या काकांच्या हाताखाली पहिल्या दिवसापासून आहे, प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, बसवण्यापासून माणसांना सांभाळण्यापर्यंत सगळं तोच करतो. हिशेबाचे कागद तो देईल. माझ्या दोनच अटी आहेत. एक, गुरुवारी जायचं नाही. तुमच्या ऑफिसांसारखी रविवारी नाही, आपल्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा तिथे कोणी नसतं. आणि दुसरी, ह्यांच्या केबिनचं दार तू उघडायचं नाहीस. बाकी काय हवं ते मोज.

विकण्याचं विचारलंस. ओजसच्या प्रत्येक पत्रात तो एकच प्रश्न असतो. विकायचं नाही असं मी म्हटलेलं नाही. विकायचं असंही म्हटलेलं नाही. ह्यांना जाऊन सव्वा वर्ष होत आलं, पण मला अजून घाई सुटलेली नाही.

जेवायला ये म्हटलं असतं, पण सध्या कोणी समोर बसलं की मला बोलता येत नाही. कागदावर बरं जमतं.

मावशी

वाकड, ८ सप्टेंबर

प्रिय मावशी,

गणपती बसले. आमच्या सोसायटीत ढोल असे वाजतात की चौदाव्या मजल्यावर खिडकीची काच थरथरते. तरी तुझ्या वर्कशॉपपुढे ते काहीच नाही. चाकणला तीनदा जाऊन आले. कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकते, धुळीने केस राठ होतात आणि आत गेलं की पत्रा कापणाऱ्या प्रेसचे दणके थेट छातीत लागतात. मला आवडलं सगळं. लहानपणी काका मला तिथे नेऊन पत्र्याचे कापलेले गोल द्यायचे, ते आठवलं आणि जरा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

आता कामाचं. आमच्या मंजुषा मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, छोट्या धंद्यात एक माणूस असा असतो की त्याच्यावाचून पान हलत नाही. तो गेला तर धंद्याची किंमत घटते आणि आपण ती तेवढी वजा करायची. तुमच्याकडे तो माणूस काका होते. गाड्यांच्या सीटखाली बसणारे ब्रॅकेट करणारी शंभर युनिटं तिथे असतील, पण मोठ्या कंपन्या काकांकडे यायच्या कारण त्यांचा माल परत येत नसे. काका गेल्यावर खराब माल वाढायला हवा होता. मी सगळे कागद पालथे घातले. वाढलेला नाही, जराही नाही. मॅडमनी ते बघून एकच विचारलं, मग त्यांचं काम आता कोण करतंय?

मी ते शोधायला गेले आणि एक गंमत पाहिली. पाळी सुरू झाली की प्रत्येक प्रेसचा पहिला पीस दादूमामा काकांच्या केबिनपाशी नेतात, दारावर टकटक करतात, आतल्या ग्रॅनाइटच्या लादीवर ठेवतात आणि दार ओढून घेतात. मग सगळे चहा पितात. चहा झाला की दार उघडतात. परवा एक पीस पालथा पडलेला होता. त्या प्रेसवरच्या माणसाने कप ठेवला आणि डाय सोडवायला घेतली. काका असेच करायचे ना? चांगला असेल तर पीस तसाच, खराब असेल तर पालथा. प्रेसच्या आवाजात ओरडत कोण बसणार!

मी दादूमामांना विचारलं, आत कोण बसतं? ते म्हणाले, "कोन न्हाई ताई. साहेबांचं टेबल हाय." आणि निघून गेले. मावशी, आत कोणीतरी तपासणारा आहे आणि तुम्ही त्याला लपवताय. पगार रोखीने देता का? मी कोणाला सांगणार नाही, पण मला नाव हवंय. ते मिळाल्याशिवाय किंमत निघणार नाही.

सुखदा

संत तुकाराम नगर, १५ सप्टेंबर

चि. सुखदा,

कोणी लपलेलं नाही. ते काम दादू करतो. दादूचं नाव लिही आणि मोकळी हो.

तुझ्या मॅडमना म्हणावं, माणूस शिकवून जातो तेव्हा त्याचं काम मागे राहतं. त्यात शोधण्यासारखं काही नसतं.

बाकी माझं ठीक आहे. सोसायटीच्या गणपतीला मोदक पाठवले, कोणी नावं ठेवली नाहीत. गुडघा दुखतो.

सहज विचारते, दादूने दार उघडलं तेव्हा लवंगेचा वास आला का तुला? सिगारेट सोडल्यापासून हे सारखी लवंग चघळायचे. नसेल आला तर राहू दे.

मावशी

वाकड, ६ ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली.

तुझ्या दोन्ही अटी मी मोडल्या. आधी सांगून टाकते, मग रागव.

तुझं पत्र आल्यावर मी दादूमामांकडे गेले आणि सांगितलं की तुमचं नाव अहवालात घालतेय. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, देवाशपथ माजं नाव लिवू नका. मी फकस्त पीस ठिवतो. उलटं मी न्हाई करत." मला वाटलं, म्हणजे तू करतेस. केबिनच्या दोनच किल्ल्या आहेत, एक त्यांच्याकडे आणि एक तुझ्याकडे. तू गुपचूप कोणाला तरी पाठवत असशील. मला रागही आला की माझ्यापासून काय लपवायचं. म्हणून मंगळवारी, गांधी जयंतीच्या सुट्टीआधी, त्यांची किल्ली मागून घेतली, कागद राहिलेत म्हणून खोटं सांगून. एक चांगला आणि एक खराब पीसही घेतला. खराब पिसाच्या कडेला धार राहिली होती, बोट फिरवल्याशिवाय कळणार नाही एवढीच.

गुरुवारी सकाळी गेले. घटस्थापनेचा दिवस होता, रस्त्यावर ट्रकसुद्धा तुरळक. वॉचमनने फाटक उघडलं आणि तो चहाला गेला. आत मेन स्विच बंद होता. सगळे प्रेस गप्प. मी केबिन उघडली, लादीवर दोन्ही पीस सरळ ठेवले, बाहेर येऊन कुलूप लावलं आणि दाराकडे तोंड करून स्टुलावर बसले. त्या केबिनला दुसरं दार नाही, खिडकी नाही, हे तुला माहीत आहे.

मोबाइलवर काहीतरी वाचत होते. मग आतून आवाज आला. दणका नाही. लोखंड दगडावर अलगद ठेवावं तसा, एवढासा. मी उंदीर समजले. दार उघडलं.

चांगला पीस होता तसाच होता. धारवाला पालथा होता. आणि लवंगेचा वास होता, मावशी. तू विचारलं होतंस म्हणून मला तसं वाटलं असं मी स्वतःला शंभरदा सांगितलं. पण वास होता. काका शाळेच्या गॅदरिंगला माझ्या शेजारी बसायचे तेव्हा येई तोच.

मी पळाले. कुलूप लावलं का तेही आठवत नाही. तेव्हापासून घरात कुठलीही वस्तू पालथी दिसली की मी ती सरळ करते. भांडी घासून पालथी घालते ती बाई, तिला मी आता ती सरळ ठेवायला सांगितलंय. ती माझ्याकडे बघतच राहिली.

तुला माहीत होतं ना?

सुखदा

चाकण, १० ऑक्टोबर, गुरुवार

सुखदा,

कुलूप तू लावलं नव्हतंस. मी लावलं. मागच्या गुरुवारी मी फाटकापाशी रिक्षातून उतरत होते, तेव्हा तू चपला हातात घेऊन रस्त्याने धावत होतीस. हाक मारणार होते. पण तुला वाटलं असतं भूतच हाक मारतंय.

मला माहीत होतं. मी दर गुरुवारी येते. हे पत्रही ह्यांच्या टेबलावर लिहितेय. थर्मासमधून चहा आणते, दोन कप भरते. माझा पिते, ह्यांचा गार होतो. डायबेटीस झाल्यापासून मी ह्यांना बिनसाखरेचा चहा द्यायची आणि घरी हे तो कप बशीत पालथा घालून उठायचे. नापास. तीच खूण, पिसाला आणि चहालाही. इथे मात्र कप कधी पालथा होत नाही. चहाकडे ह्यांचं लक्षच नाही. मी बोलते, त्याकडेही नाही. फक्त पिसाकडे आहे.

तुला फोनचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. हे गेले त्या दिवशी आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. मी पुरणपोळी केली होती आणि दुपारीच या म्हणून फोन केला. तीस वर्षं मी त्यांना लवकर या म्हणत होते आणि तीस वर्षं ते हो म्हणत होते. दुसरी पाळी नुकतीच सुरू झाली होती. म्हणाले, "निघालोच. एक पीस बघून येतो." फोन टेबलावर ठेवला, बंद केला नाही. मला प्रेसचे दणके ऐकू येत होते. मी वाट बघत राहिले. मला वाटलं, बघतायत. मी फोन कानाला धरून पोळ्यांवर तूप घालत होते, सुखदा. मग दणके एकेक करून थांबले आणि दादूचा आवाज आला.

म्हणून फोन कपाटात आहे. कोणी पलीकडे नुसतं श्वास घेत असलं तरी मला दणके ऐकू येतात.

दिवसकार्य झाल्यावर मी पहिल्यांदा इथे आले तर दादूने सवयीने पीस आत ठेवला होता आणि तो पालथा पडला होता. तो रडत होता. मी त्याला म्हटलं, रोज ठेवत जा. दुसरं काय म्हणणार होते? माझा माणूस एवढाच उरला होता.

आता तूच सांग, विकू कसं? ते शेजारचे ही केबिन पाडून तिथे माल ठेवणार आहेत. मग हे बसतील कुठे? ओजसला मी हे लिहू शकत नाही, तो मला डॉक्टरकडे पाठवेल. तू किंमत काढ, परीक्षा पास हो. पण विक्री नाही. आणि त्या माणसाच्या नावाची जागा कोरी सोड.

पुन्हा अशी पळू नकोस. त्यांना वाईट वाटलं असेल. तुझ्यावर त्यांचा फार जीव होता.

मावशी

वाकड, २४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उत्तर द्यायचं धाडस होत नव्हतं, म्हणून दिवाळीचं कार्ड टाकून गप्प बसले. आज गप्प बसता येत नाही.

काल दादूमामा माझ्याकडे आले होते. गेटवर नाव, गाडी नंबर, कोणाकडे, कशासाठी असं सगळं विचारून सोडलं त्यांना. 'कशासाठी' पुढे त्यांनी 'साहेबांसाठी' असं लिहिलं होतं. सोफ्याच्या कडेवर बसले, पाण्याला हात लावला नाही. तू दुखावशील म्हणून तुला सांगत नाहीयेत, आणि मीही तुला सांगू नये म्हणाले. मी सांगतेय.

दिवाळीची सुट्टी संपून काम सुरू झालं तेव्हापासून पिसाला वेळ लागतो. पूर्वी चहा होईपर्यंत कळायचं. आता जेवणाची सुट्टी होते, तरी दार उघडावं तर पीस हललेला नसतो. आणि मग केव्हातरी तो उभा असतो. मावशी, तो ब्रॅकेट उभा राहूच शकत नाही, त्याला तशी कडच नाही. दादूमामा म्हणाले, "उभा ऱ्हातो ताई. ना हो, ना न्हाई. हात लावला की पडतो." पोरं केबिनच्या बाजूने जात नाहीत. एकाने काम सोडलं. मागच्या आठवड्यात दादूमामांनी दार उघडलं तेव्हा पीस उभा होता आणि थरथरत होता. सगळे प्रेस बंद असताना.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? आधी त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेब थकल्यात. आमी रोज म्होरं पीस ठिवतो, मंग त्ये उठनार कसं? समोर पीस असला की साहेब कवा उठलं व्हतं का? पन बाईंना ह्ये कोन सांगनार?"

तर मी सांगतेय. मला भीती वाटते, तुझी आणि त्यांचीही, पण सांगते. काका एक पीस बघून येणार होते. रोज सकाळी त्यांच्यापुढे दुसरा एक ठेवला जातो. एमआयडीसीत सगळ्यांना गुरुवार मिळतो. त्यांना तोही नाही, कारण तू येऊन बसतेस.

तू मला कधीच माफ केलं नाहीस तरी चालेल. पण एकदा तू कामाच्या दिवशी जाऊन बघ.

सुखदा

संत तुकाराम नगर, ८ डिसेंबर

सुखदा,

तुझं पत्र वाचून इतकी चिडले की ते फाडून टाकलं. तूच मला माझ्या नवऱ्याबद्दल शिकवणार. मग रात्री झोप लागली नाही, कारण तू लिहिलेलं सगळं खरं होतं.

मंगळवारी गेले. दादू मला बघून दारातच उभा राहिला. मी म्हटलं, पीस ठेव. ठेवला. मी चहा घेतला नाही, खुर्ची केबिनसमोर ओढून बसले. पोरांची जेवणं झाली. मग मी स्वतः दार उघडलं.

उभा होता. मी जवळ जाऊन बघितला. थरथरत होता. शेवटी शेवटी ह्यांचा हात असाच थरथरायचा, कप धरताना. मी म्हणायची डॉक्टरकडे चला, आणि हे म्हणायचे, एवढी ऑर्डर जाऊ दे.

मी त्या पिसाला हात लावू शकले नाही. दार लोटून घेतलं, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर रडले. दीड वर्ष कोणासमोर रडले नव्हते. एक पोरगी पॅकिंगला आहे, तिने तेलकट हाताने माझी पाठ चोळली. ब्लाउजवर डाग पडलाय, तो मी काढणार नाही.

मी विकते आहे. शेजाऱ्यांना निरोप गेला. दादूला आणि पोरांना ते ठेवून घेणार, तसं लिहून घेतलं आहे. वर्षाच्या शेवटी ताबा. तोपर्यंत पहिला पीस दादूने स्वतः बघायचा, बाहेर, उजेडात. खराब गेला तर गेला.

मला भीती एकच आहे. ते तिथून उठले आणि कुठेच गेले नाहीत, तर? तिथे निदान होते. मी हे बरोबर करतेय का, सांग मला. तू शिकली आहेस ना किंमत काढायला.

मावशी

वाकड, २२ डिसेंबर

प्रिय मावशी,

बरोबर करतेयस की नाही ते मला सांगता येत नाही. आमच्या कोर्समध्ये त्यावर धडा नाही. तुला मिठी मारावीशी वाटते आणि तू सध्या येऊ देत नाहीस, म्हणून आईला मारली. ती म्हणाली, नापास झालीस की काय.

अहवाल दिला. कोरी जागा भरावी लागली. दादूमामांचं नाव लिहिणं सोपं होतं. त्याने किंमत वाढली असती, कारण दादूमामा विक्रीबरोबर जातात. पण मला ते लिहवेना. मी लिहिलं, ज्या व्यक्तीवर धंदा उभा आहे ती आजपर्यंत कामावर होती आणि ताबा दिल्यानंतर ती खरेदीदाराबरोबर जाणार नाही, म्हणून पूर्ण वजावट धरली आहे. तुझे पैसे माझ्यामुळे कमी झाले, मावशी. शेजाऱ्यांनी अहवाल मागून घेतला आणि त्याच आकड्यावर अडून बसले, असं दादूमामा म्हणाले. तू एका शब्दाने बोलली नाहीस.

मंजुषा मॅडमनी समासात लिहिलं, 'व्यक्तीचं नाव?' मी म्हटलं, देता येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, माझे वडील भोसरीत वर्कशॉप चालवायचे. मग थोडे मार्क कापले आणि पास केलं.

ताब्याच्या दिवशी मी येऊ का?

सुखदा

संत तुकाराम नगर, १६ जानेवारी २०२५, गुरुवार

चि. सुखदा,

येऊ नकोस असं कळवलं म्हणून रागावली असशील. तिळगूळ ह्या पत्राबरोबर पाठवता येत नाही, तो इथे येऊन घे. पैशांचं मनातून काढ. जे विकायला नव्हतंच त्याचे पैसे मी कसे घेतले असते? तू लिहिलंस तेच खरं होतं.

ताब्याच्या दिवशी शेवटची पाळी सुटली तेव्हा दादू सवयीने एक पीस घेऊन केबिनकडे निघाला आणि मध्येच थांबला. मी तो त्याच्या हातातून घेतला. केबिनमध्ये गेले. लादी रिकामी होती, मी ती पदराने पुसली. म्हटलं, "अहो, आता पीस नाही. सगळे बघून झाले. चला घरी." एवढं मोठ्याने बोलले की बाहेर सगळ्यांनी ऐकलं. आतून काही आवाज आला नाही. मी दार उघडंच ठेवलं आणि निघाले.

चाकणच्या चौकातून भोसरीपर्यंत शेअर रिक्षाने आले. रिक्षावाला माझ्या शेजारी एका बाईंना बसवू लागला. मी म्हटलं, इथे बसवू नका, ह्या जागेचे पैसे मी देते. त्याने विचारलं, "कोन येनार हाय का?" मी नुसते पैसे पुढे केले, कारण मलाच माहीत नव्हतं.

घरी आले. रोज दोन कप चहा करत होते, बिनसाखरेचा. रोज ह्यांचा कप गार होत होता, सरळच्या सरळ. लवंगेचा वास नाही, काही नाही. घर इतकं रिकामं वाटलं की मी दोनदा चाकणला परत जायला निघाले. केबिन पाडली होती एव्हाना. मी तुला मनातून फार शिव्या दिल्या, सुखदा. वाटलं, होता तेवढाही तू माझ्याकडून काढून घेतलास. संक्रांतीला तर चूलही पेटवली नाही.

आज गुरुवार. सकाळी उठून चहा केला, दोन कप टेबलावर ठेवले आणि गॅस बंद आहे का बघायला आत गेले. परत आले तर ह्यांचा कप बशीत पालथा होता. चहा टेबलावरून खाली ठिबकत होता.

मी खुर्चीला धरून उभी राहिले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मग टेबल पुसलं, पुन्हा आधण ठेवलं आणि ह्या वेळी दोन चमचे साखर घातली.

कपाटातून फोन काढून चार्जिंगला लावला आहे. आता पत्र नको टाकूस, फोन कर. संध्याकाळी केलास तर बरं, दुपारी आम्ही दोघं जरा पडतो.

मावशी